कोल्हापुरात रोजच्या वापराला पद्मिनी की वॅगनआर?

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, आजच्या वॅगनआर १.२ चं ११९७. आकार जवळपास तेवढाच, पण पद्मिनीची ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास आणि वॅगनआरची ९०. राजारामपुरी ते रंकाळा एवढंच फिरणं असेल तर कुणाचं काही अडत नाही. चार माणसं घेऊन पन्हाळा चढायला लागलं की पद्मिनी दुसऱ्या गिअरवर येते, आणि मागं रांग लागते.

खरी परीक्षा उतारावर. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. करूळ घाटात पाय ब्रेकवरच ठेवला तर ड्रम तापून फुगतो, आतून त्याला घासणाऱ्या ब्रेक शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. जुन्या ब्रेक ऑइलात पाणी मुरलेलं असेल तर ते उकळून पेडल थेट तळाला टेकतं. म्हणून उतरताना दुसरा गिअर, ब्रेक सोडून-सोडून दाबायचा, ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. वॅगनआरला पुढं डिस्क ब्रेक आणि चाक जाम होऊ न देणारं एबीएस आहे. इथं तुलनाच नको.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. ऊस आपला, इथेनॉल आपलं, पण पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल पद्मिनीला मानवत नाही. जुने रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा खराब होतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पाणी धरून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबतो. शिवाय मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाल्यानं गाडी झटके देते. इथेनॉल चालणारे पाइप आणि पडदा टाका, मेन जेट एक साइज मोठा बसवा, मग स्पार्क प्लग काढून बघा : पांढरट असेल तर मिश्रण अजून पातळ, काळा असेल तर जाड, तपकिरी असेल तर जमलं. नव्या वॅगनआरमध्ये हे काम ऑक्सिजन सेन्सर बघतो. मायलेज थोडं घटतं, तेवढंच.

दुरुस्तीत मात्र पद्मिनी पुढं, कारण उद्यमनगरची वर्कशॉपं हाताशी आहेत. इंजिनाचा झिजलेला सिलिंडर कोरून घेणं (बोअर मारणं), त्यात नवं लायनर बसवणं, ड्रम लेथवर मारून घेणं, सगळं तिथं होतं. पॉइंटचं (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचं) अंतर फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीनं, ०.४ ते ०.५ मिमी ठेवलं की बरेचसे स्टार्टिंगचे त्रास मिटतात. पॉइंट सारखे जळत असतील तर त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर बदला, नुसते पॉइंट बदलून पैसे घालवू नका. काचा, बीडिंग, क्रोमचे तुकडे यांना मात्र लेथ कामाचा नाही. ते शोधत फिरावं लागतं. वॅगनआरचा सेन्सर कुणी दुरुस्त करत नाही, स्कॅनर लावून अख्खा बदलतात.

रोज कागलला एमआयडीसीत जायचं असेल तर वॅगनआर घ्या. घरची पद्मिनी असेल तर मोडीत काढू नका, रविवारी फिरवा. बाहेरून विकत घेत असाल तर आधी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंगचा दोष, किरकोळ खर्च. तरीही राहिला तर किंगपिन (ज्यांवर पुढची चाकं वळतात ते) गेलेत, भाव त्या हिशेबानं पाडून मागा.