झेब्रा हावर्थियाचा ‘गिफ्ट सेट’: रोप उत्तम, कुंडी घातक

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एका ऑनलाइन रोपवाटिकेतून मी झेब्रा हावर्थिया या कोरफडीसारख्या मांसल, पट्टेरी पानांच्या छोट्या रोपाचा ‘डेस्क गिफ्ट सेट’ मागवला होता. ४४९ रुपयांत एक रोप, चिनी मातीची पांढरी कुंडी, वर पसरायला पांढऱ्या खड्यांची पुडी आणि निगा कशी राखावी हे सांगणारे कार्ड, असा तो संच होता. रोप घरी येऊन आता चौदा महिने झाले. अशा रोपांचे अभिप्राय बहुतेक जण खोके उघडल्या दिवशीच लिहून मोकळे होतात आणि मीही त्या दिवशी लिहिले असते, तर पाचपैकी पाच तारे देऊन टाकले असते. पण मांसल पानांचे झाड मुळाशी सडू लागले, तरी पानांत साठवलेल्या पाण्यावर महिनाभर टवटवीत दिसत राहते, म्हणून त्याची पारख पावसाळा सरल्याशिवाय होत नाही.

आधी रोपाविषयी, कारण त्याला नावे ठेवायला फारशी जागा नाही. ते कागदात नीट गुंडाळलेले होते, एकही पान मोडलेले नव्हते आणि बुंध्याशी हरभऱ्याएवढी दोन पिल्ले डोकावत होती. उंची जेमतेम आठ सेंटिमीटर होती. ही जात फार तर वितीएवढी वाढते, त्यामुळे टेबलावर किंवा खिडकीच्या कठड्यावर ती कायमची राहू शकते. पानांवरचे पांढरे पट्टे दुरून रंगवल्यासारखे दिसतात, पण ते बारीक उंचवटे आहेत आणि त्यांवरून बोट फिरवले की किसणीवरून फिरवल्यासारखे लागते. विक्रेत्याने नाव ‘फॅसिएटा’ असे छापले होते, ते मात्र चूक आहे. फॅसिएटाच्या पानाची आतली बाजू गुळगुळीत असते; माझ्या रोपाच्या दोन्ही बाजू खरखरीत आहेत, म्हणजे ते ‘अटेन्युएटा’ आहे. बाजारात फॅसिएटा म्हणून विकली जाणारी बहुतेक रोपे अटेन्युएटाच असतात, तेव्हा यात फसवणुकीपेक्षा गतानुगतिकताच अधिक आहे. शिवाय २०१३ पासून या दोन्ही जाती हावर्थियातून काढून ‘हावर्थिऑप्सिस’ या वेगळ्या प्रजातीत टाकल्या गेल्या आहेत, पण नर्सरीत ते नाव घेतले तर माळी आपल्याकडेच बघत राहील.

खरी तक्रार आहे ती कुंडीची आणि कार्डाची. कुंडीच्या तळाला भोक नव्हते. रोप ज्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात वाढवलेले होते, तो गोळा जाळीदार कापडासकट तसाच कुंडीत बसवलेला होता आणि कार्डावर लिहिले होते, ‘आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या.’ या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुण्याच्या जुलैमध्ये काय होणार हे कोणत्याही माळ्याने न बघता सांगितले असते. मी कार्डाचे ऐकले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खालची पाने पिवळसर आणि मऊ पडली, म्हणून रोप हलवून पाहिले, तर ते काहीही न अडता अलगद हातात आले. हावर्थियाची निरोगी मुळे जाड, पांढरट आणि टणक असतात. इथे ती तपकिरी झाली होती आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरत होता. कुंडीच्या तळाशी बोटभर पाणी साचलेले होते आणि त्याला गटाराचा वास येत होता. पांढऱ्या खड्यांमुळे खालचे कोकोपीट ओले आहे की कोरडे, हे वरून दिसण्याची सोयही राहिलेली नव्हती.

ग्राहक सेवेला छायाचित्रे पाठवली. ‘मॅडम, पाणी जास्त झाले असेल, थोडे कमी घाला,’ असे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. किती पाणी घालायचे हे त्यांच्याच कार्डावर छापलेले आहे, असे कळवल्यावर पुढे उत्तर आले नाही. रोप बदलून मिळण्याची मुदत सात दिवसांची आहे, आणि मुळे कुजल्याचे सात दिवसांत कोणालाही कळणे शक्य नाही.

रोप वाचले, ते त्याच्या स्वतःच्या चिवटपणामुळे. कुजलेली मुळे आणि खालची चार पाने मी काढून टाकली, जाळी कातरली, बुंधा पाच दिवस सावलीत कागदावर कोरडा होऊ दिला आणि मग दोन वाट्या विटांचे बारीक तुकडे, एक वाटी जाड वाळू, एक वाटी चाळलेली माती आणि मूठभर गांडूळखत अशा मिश्रणात ते लावले. विटांचा भुगा चाळून टाकावा लागतो, नाहीतर तोच ओला होऊन चिखल करतो. पहिले पाणी आठवड्यानंतर दिले. सप्टेंबर उजाडता उजाडता रोप हलक्या हाताने ओढून पाहिले, तर त्याने माती धरलेली होती. ती पांढरी कुंडी फेकवत नव्हती, म्हणून फरशीकाम करणाऱ्या कारागिराकडून तिच्या तळाला भोक पाडून घेतले. त्याने पन्नास रुपये घेतले आणि ‘भोक नसलेली कुंडी म्हणजे वाडगाच की,’ असेही सुनावले.

तेव्हापासून मी पाण्याला वार ठरवलेला नाही. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून ती कोरडी निघाली, तरच पाणी द्यायचे, आणि द्यायचे तेव्हा खालून वाहून जाईपर्यंत द्यायचे. हिवाळ्यात हे साधारण बारा-पंधरा दिवसांनी होते, पावसाळ्यात महिनाही निघतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे झाड तहानेने कासावीस होत असेल असे वाटते, पण त्या दिवसांत त्याची वाढ मंदावते आणि तापलेल्या कुंडीत घातलेले जादा पाणी मुळांना मानवत नाही. कडक उन्हाचेही तसेच. ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातली असली, तरी तिथे ती उघड्या माळावर तळपत नसून झुडपांच्या आणि गवताच्या आडोशाने वाढते, म्हणून आपल्याकडे पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे ऊन तिला पुरते. दुपारच्या उन्हात पाने विटकरी पडतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ती लांबट आणि फिकी होऊन पसरतात. दोन्ही प्रकार मी करून पाहिले आहेत.

कार्डावरचा आणखी एक दावा खोडून काढायला हवा, कारण तो वाचून लोक ही रोपे झोपण्याच्या खोलीत रांगेने मांडतात. ‘हे झाड रात्री ऑक्सिजन देते’ असे त्यावर ठळक अक्षरांत आहे. कोरफडीच्या कुळातल्या या झाडाची पर्णरंध्रे रात्री उघडतात हे खरे, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवण्यासाठी. दिवसा रंध्रे मिटलेली ठेवून पाणी वाचवण्याची ती युक्ती आहे. ऑक्सिजन तयार होतो तो उजेड असतानाच. त्यापेक्षा हे झाड मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाही, एवढे जरी कार्डावर छापले असते, तरी घरात मांजर असलेल्या माझ्यासारख्यांच्या उपयोगी पडले असते. कोरफडीच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

मधल्या काळात एकदा पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, म्हणजे पिठ्या ढेकूण झाला होता. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने ते टिपून काढले आणि आठवड्याने पुन्हा एकदा तसेच केले, एवढ्यावर भागले. यात विक्रेत्याचा दोष धरण्याचे कारण नाही.

रोपाला मी साडेचार तारे देते. अर्धा तारा चुकीच्या नावाचा कापला आहे. कुंडी आणि कार्ड यांना शून्य, ग्राहक सेवेला एक. त्याच विक्रेत्याकडे हेच रोप कुंडीशिवाय १९९ रुपयांना मिळते, ते मागवायला हरकत नाही. आल्याबरोबर मात्र मुळांभोवतीची जाळी कापावी, कोकोपीट झटकून टाकावे आणि भोक असलेल्या दहा सेंटिमीटरच्या मातीच्या कुंडीत ते हलवावे. त्याहून मोठी कुंडी घेऊ नये, कारण मुळे पोहोचत नाहीत तिथली माती नुसती ओली राहते. माझ्या रोपाला या फेब्रुवारीत हातभर लांब, काडीसारखा दांडा येऊन त्यावर तांदळाएवढी पांढरट फुले लागली, आणि बुंध्याशी आता पाच पिल्ले आहेत.