वरचा मजला चढवावा की मोठा फ्लॅट घ्यावा?

मुलं मोठी झाली, आई-वडील गावाहून कायमचे राहायला आले, किंवा कुणाचं ऑफिसचं काम घरूनच सुरू झालं, की बैठं घर अपुरं पडायला लागतं. पुण्याच्या उपनगरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली छोटी बंगली किंवा रो-हाऊस असलेल्या कुटुंबांपुढे मग हा प्रश्न येतो. माझं मत आधीच सांगतो: पाया भक्कम आणि कागद स्वच्छ असतील, तर मजला चढवावा. या दोहोंपैकी एकाची जरी खात्री नसेल, तर घराचा मोह आवरून दुसरीकडे जावं.

पैशांचा हिशेब सगळे आधी मांडतात. खरं तर पाया आधी पाहायला हवा. घर भारवाही भिंतींचं आहे की कॉलम-बीमचं? नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवलेली जुनी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर आणखी एक मजला म्हणजे जोखीम. कॉलमचं घर असेल तर गच्चीवर सोडलेल्या सळया दाखवून मालक म्हणतात, ‘वरची सोय करून ठेवलीय.’ त्या सळयांवर विसंबू नका. वर्षानुवर्षं पाऊस खाऊन त्या गंजलेल्या असतात, आणि खाली फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, केवढं आहे हे त्या सांगत नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो एखाद्या कॉलमशेजारी खड्डा घेऊन फूटिंग मुरमापर्यंत गेलंय की काळ्या मातीतच थांबलंय ते बघेल, रिबाउंड हॅमरने ठोकून काँक्रीट तपासेल, शंका वाटली तर काँक्रीटचा नमुना (कोअर) कापून काढेल. कॉलम कमकुवत निघाले तर त्यांना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचा थर, करता येतं, पण मग खर्चाचं गणित बदलतं. ही तपासणी होईपर्यंत ठेकेदाराशी दराची बोलणीसुद्धा करू नयेत.

दुसरी गोष्ट एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं त्याची. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच विकास नियमावली लागू आहे. तिच्यात गावठाणाबाहेरच्या निवासी भागात मूळ एफएसआय १.१ आहे. समजा तुमचा प्लॉट एक गुंठ्याचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा. त्यावर साधारण १,१९८ चौरस फूट बांधता येतं. खाली ६५० आधीच बांधलेलं असेल तर उरतात जेमतेम ५४८, आणि जिनाही त्यातच मोजला जातो. शुल्क भरून जादा क्षेत्र मिळू शकतं. तुमच्या प्लॉटवर किती, ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या. मंजुरीशिवाय मजला चढवायचा विचारही करू नका. महापालिका अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत दंड लावू शकते. पिंपरी-चिंचवडमधल्या घरमालकांनी हा शास्तीकर वर्षानुवर्षं डोक्यावर बाळगला. शिवाय मंजूर नकाशा नसेल तर बँक कर्जही देत नाही.

आता पैसे. बांधकामाचा दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला, तर ५४८ चौरस फुटांचे १३ लाख ७० हजार होतात. नकाशा, मंजुरीचं शुल्क, टाकी, बाहेरचा जिना, थोडं मजबुतीकरण धरून १७-१८ लाख समजू. दुसऱ्या बाजूला ८० लाखांचा, अजून काम चालू असलेला फ्लॅट घ्या. पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. हे झाले ९ लाख ९० हजार, आणि यातून एक चौरस फूटही जागा वाढत नाही. इतकी रक्कम हातची जाणार हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण तेवढ्यात वरचा अर्धा मजला उभा राहतो. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही. तरीही किमतीच्या ८० टक्क्यांच्या, म्हणजे ६४ लाखांच्या वर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे काम चालू असलेल्या फ्लॅटसाठी पंचवीसेक लाख तुमच्या खिशात हवेत. जुनं घर विकून ते उभे करणार असाल, तर घर विकलं जाईपर्यंतचे महिने कसे काढायचे ते आधी ठरवा.

बिल्डरशी बोलताना सगळं कार्पेटमध्येच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेतच विचारा, आणि प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक स्वतः त्याच्या संकेतस्थळावर तपासा.

मजला चढवण्याचा त्रास मात्र कमी लेखू नका. वरचा भार कमी करण्यासाठी गच्चीवरचा जुना कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, फोडावा लागतो, आणि त्यानंतर पाऊस आला तर खालच्या खोल्या गळतात. म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करून वरची स्लॅब मे महिन्याआधी पडेल असं वेळापत्रक हवं. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर ते महिने भाड्याच्या घरात काढा, आणि ते भाडं बांधकामाच्या खर्चात धरा. जिना चढायला कोण जाणार हेही बघा: आई-वडिलांना खालचीच खोली द्यावी, वर तरुणांनी जावं. दोघांचेही गुडघे गेले असतील आणि खाली एकच झोपायची खोली असेल, तर लिफ्टचा फ्लॅट हेच शहाणपणाचं.

बंगली वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर एकाने वर बांधायचं आणि बाकीच्यांनी तोंडी होकार द्यायचा, हे भांडणाचं मूळ असतं. मिळकत पत्रिकेवर कोणाकोणाची नावं आहेत ते काढा. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. वडील हयात असतील तर राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने देण्यावर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे; शहरातला अधिभार वेगळा. भाऊ-बहिणी तयार नसतील तर मी त्या घरावर वीटही रचणार नाही, कारण बांधकामाचे पैसे तुमचे आणि भिंती सगळ्यांच्या होतील.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी शेजारचा फ्लॅट घेऊन जोडणं ही तिसरी वाट असते. इमारत मायवान पद्धतीची (ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेली) असेल तर मधली भिंतच काँक्रीटची आणि भार पेलणारी असते, त्यामुळे ती फोडता येत नाही. विटांची असली तरी सोसायटी आणि पालिका, दोघांची परवानगी लागते.

जुनं घर विकून जायचं ठरलंच, तर भांडवली नफ्याचा कर सौदा करण्याआधी सीएकडून काढून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यांतला कमी कर निवडता येतो. नफ्याची रक्कम विक्रीआधी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात गुंतवली तर तोही वाचतो. आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नसेल, तर ती रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.