केबिन फिल्टरची कड आणि सर्व्हिस सेंटरची घाई: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या मागच्या सर्व्हिसच्या वेळी जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, ऑइल, एअर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा), केबिन (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) आणि फ्युएल असे चारही फिल्टर एका दमात लिहिलेले दिसले. ते का बदलायचे, असे विचारल्यावर ‘वेळ झाली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. फिल्टर उघडून पाहण्याची तसदी मात्र कोणीही घेतली नव्हती. मी ऑइल फिल्टर तेवढा ठेवून बाकीचे तिन्ही खोडायला लावले, एअर फिल्टर स्वतः काढून तपासला आणि केबिन फिल्टर बाहेरून आणून बसवला. हा नवा फिल्टर कार्बनचा, म्हणजे सक्रिय कोळशाचा थर असलेला आहे. तो आता बरेच महिने वापरून झाला असून अलीकडेच पुन्हा बाहेर काढून पाहिला, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

ऑइल फिल्टरबाबत माझा वाद नाही. तो तुंबला, तर इंजिनाला ऑइल मिळत राहावे यासाठी दिलेला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच फिरू लागते. गाडी चालवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे दर ऑइलबदलाबरोबर तो बदलावा. त्यात काटकसर करणे मला पटत नाही.

एअर फिल्टरची गोष्ट वेगळी आहे. मॅन्युअलमध्ये त्याची मुदत बहुधा २०,००० ते ४०,००० किलोमीटर दिलेली असते आणि धुळीच्या रस्त्यांसाठी ती बरीच कमी केलेली असते. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते, हे लक्षात घेतले की वापर कोणत्या रस्त्यावर आहे याला एवढे महत्त्व का, ते उमगते. ‘फिल्टर बदला, मायलेज वाढेल’ हे सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराचे ठरलेले वाक्य मात्र आजच्या पेट्रोल गाड्यांना फारसे लागू पडत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचे मायलेज लक्षणीय घटले नाही. घटला तो वेग घेण्याचा जोर. कारण सरळ आहे: हवा कमी आली की इंजिनाचा संगणक पेट्रोलही कमी सोडतो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या, जुन्या गाड्यांत ही सोय नव्हती आणि सल्लागाराचे वाक्य त्या काळातले असावे.

शिवाय किंचित मळलेला एअर फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अधिक चांगली अडवतो, कारण साचलेला थरही गाळण्याचे काम करतो. म्हणून घड्या वरवर करड्या दिसल्या एवढ्यावरून तो टाकून देण्यात अर्थ नाही. घड्यांच्या तळापर्यंत धूळ दाटली असेल, कागद ओला होऊन वाकला असेल किंवा रबरी कड कडक झाली असेल, तर तो बदलावा. कॉम्प्रेसरने जोरात हवा मारून तो ‘साफ’ करून देण्याची पद्धत मला मुळीच आवडत नाही, कारण त्यात कागदाला न दिसणारी छिद्रे पडू शकतात आणि मग धूळ थेट सिलिंडरपर्यंत पोहोचते. मी माझा फिल्टर हलकेच आपटून पुन्हा बसवला. आता मात्र त्याच्या घड्या तळापर्यंत भरल्या आहेत, म्हणून या वेळी तो बदलला.

आता केबिन फिल्टरकडे येतो, ज्याने मला सर्वांत जास्त आनंद आणि त्याहून जास्त मनस्ताप दिला. सुरुवातीचे काही आठवडे मी त्याच्यावर निहायत खूश होतो. पुढच्या ट्रकचा धूर काचेबाहेर दिसायचा, पण आत वास येत नसे. त्या वेळी हे लिहिले असते, तर प्रत्येकाने डोळे मिटून कार्बनचाच घ्यावा, असे लिहिले असते. पुढे वास पुन्हा येऊ लागला, हवेचा जोर मात्र पहिल्याइतकाच होता. याचे कारण असे, की कोळशाची सूक्ष्म छिद्रे भरली की त्याची वास धरून ठेवण्याची क्षमता संपते, तर धूळ अडवणारा थर त्यानंतरही काम करत राहतो. म्हणजे एकाच फिल्टरला दोन आयुष्ये असतात आणि जादा पैसे आपण त्यांतल्या आखूड आयुष्यासाठी मोजतो. रोज वाहनांच्या गर्दीत अडकणाऱ्याला ते परवडेल. माझ्यासारख्याने धुराच्या पट्ट्यात आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे.

खरा राग मात्र कडेचा आहे. हा फिल्टर चौकटीपेक्षा एका बाजूने जेमतेम दोन मिलिमीटर तोकडा आहे आणि त्या कडेला फोमची पट्टीही दिलेली नाही. खोक्यावर परागकण, जिवाणू आणि आणखी कशाकशापासून संरक्षणाची वर्णने आहेत, पण हवा सर्वांत कमी अडथळ्याच्या वाटेने जाते, हे खोके छापणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे. फिल्टर बाहेर काढल्यावर स्वच्छ असायला हवी त्या बाजूच्या चौकटीवर, नेमक्या त्या फटीसमोर, धुळीची सरळ काळी रेघ उमटली होती. फिल्टर जसजसा भरत जातो, तसतशी फटीतून जाणारी हवा वाढत जाते, म्हणजे हा दोष जुन्या फिल्टरमध्ये अधिकच बळावतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते: एकदा बसवलेला फिल्टर परत घेतला जात नाही.

वर्षातून एकदा किंवा साधारण १५,००० किलोमीटरला केबिन फिल्टर बदलावा, हा हिशेब मला योग्य वाटतो. त्याआधीच ब्लोअरचा आवाज वाढूनही हवा मंद येऊ लागली किंवा काचेवरचे धुके हटायला वेळ लागू लागला, तर मुदतीची वाट पाहू नये. तो धुऊन वापरण्याचा सल्लाही मिळतो. पण बऱ्याच फिल्टरांतील तंतूंवर बारीक कण ओढून घेणारा विद्युतभार असतो आणि तो धुण्याने जातो, मग फिल्टर दिसतो स्वच्छ आणि गाळतो कमी. एसी सुरू करताच येणारा कुबट वास मात्र बहुधा इव्हॅपोरेटरवरच्या, म्हणजे एसीच्या हवा थंड करणाऱ्या भागावरच्या, बुरशीचा असतो, आणि त्यासाठी फिल्टर कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

राहिला फ्युएल फिल्टर. अनेक आधुनिक पेट्रोल गाड्यांत तो टाकीतच, पंपासोबत असतो आणि नियमित सर्व्हिसच्या तक्त्यात त्याचा उल्लेखही नसतो. माझ्या मॅन्युअलमध्ये तो नाही, हे पान उघडून दाखवल्यावर जॉबकार्डवरची ती ओळ मुकाट्याने खोडली गेली. डिझेलवाल्यांनी मात्र माझे अनुकरण करू नये. तिथे फिल्टरला पाणीही वेगळे करावे लागते आणि पुढच्या, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांमध्ये दाब १,००० बारच्या वर जातो, त्यामुळे मुदत टाळणे महागात पडते.

नवा केबिन फिल्टर घेताना मी जुना सोबत नेला, ग्लोव्ह बॉक्समागच्या खाचेचे मापही लिहून नेले आणि काउंटरवरच खोकी उघडायला लावली. पहिले दोन कडेला तोकडे निघाले, तिसऱ्याला चारही बाजूंनी फोमची पट्टी होती. तो घेतला. तो साधा आहे, कार्बनचा नाही.