तीन थरांचं मेश जॅकेट: सोलापुरात तिन्ही ऋतू वापरल्यावर

मोटारसायकलवर घालायच्या माझ्या जॅकेटच्या आतल्या रेन लायनरची चेन (झिप) गेली, म्हणून आज लिहायला बसलो. जॅकेट नेहमीचंच. बाहेरून मेश म्हणजे जाळीचं कापड, आत चेनने जोडायचं रेन लायनर म्हणजे पाऊस अडवणारं अस्तर, त्याच्याही आत थर्मल म्हणजे उबेचं अस्तर. खांद्याला-कोपराला सीई (युरोपीय सुरक्षा मानक) लेव्हल १ चे पॅड आणि पाठीत नुसता फोम. तो फोम काढून मी पहिल्याच महिन्यात जास्त धक्का शोषणारा लेव्हल २ चा पॅड घातला, तुम्हीही घाला. गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन. फिरणं तुळजापूरकडच्या बालाघाटाच्या डोंगरकडेने, हत्तरसंग कुडलच्या बाजूला पाणंदीतून, नाहीतर नान्नजकडच्या माळाला. (अभयारण्याच्या हद्दीत मात्र गाडी घालू नका. माळढोकाला आता जागा उरलीय किती?)

तर चेन. ती नायलॉनची, बारीक दातांची. आपल्याकडची माती पिठासारखी बारीक, ती दातांत बसते आणि रनर (चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा) तीच घासत पुढे जातो. हळूहळू रनरचं तोंड फाकतं आणि मागे चेन आपोआप उघडत जाते. पक्कडने दाबून थोडे दिवस चाललं, मग तेही थांबलं. कंपनीला कळवलं. त्यांनी आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग जॅकेट स्वतःच्या खर्चाने पाठवा म्हणाले. पाठवलं. भर पावसाळ्यात जॅकेट त्यांच्याकडे पडून, आणि शेवटी उत्तर काय, तर चेन वापराने झिजते, ती वॉरंटीत बसत नाही. जॅकेट होतं तसं परत. लायनरचं सगळं काम ज्या एका चेनवर, तीच वॉरंटीबाहेर ठेवायची हे मला अजून पटलेलं नाही. नवी पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्याने हातात घेऊन चेन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "चेनला काय झालं नाही, रनर गेलाय." शेवटची शिलाई उसवली, जुना रनर काढून जाड पितळी रनर ओवला, शिलाई परत मारली. ४० रुपये.

पण त्या काळात लायनर नव्हतं म्हणून मी मेशवरून साधा दोन तुकड्यांचा रेनकोट घालून फिरलो, आणि माझं मतच बदललं. चेन दुरुस्त होऊन आली तरी लायनर आता कपाटात आहे.

कारण सांगतो. हस्ताचा पाऊस आपल्याकडे कसा येतो? दुपारपर्यंत कडक ऊन, मग अचानक ढग भरून येतात आणि पाच मिनिटांत धो धो. लायनर आत घालायचं म्हणजे हातमोजे काढा, जॅकेट काढा, चेन जोडा, मनगटाशी लूप अडकवा, परत सगळं चढवा. तेवढ्यात आतला बनियन भिजलेला असतो. बरं, लायनर आत असल्यामुळे बाहेरचं मेश भिजतंच. पॅडच्या कप्प्यांत पाणी साचतं, जॅकेट जड होतं आणि हायवेला लागलं की त्या ओल्या कापडाला वारा लागून अंग गार पडतं. बाहेरच्या खिशातलं पाकीटही भिजतं. रेनकोट मात्र गाडीशेजारी उभं राहून वरून चढवता येतो, आणि ऊन पडलं की तसाच काढता येतो. काळ्या मातीत पुढच्या मडगार्डमध्ये चिखल भरला की गाडी ढकलताना आतून घामाच्या धारा लागतात. तेव्हा रेनकोट काढून हँडलला टाकता येतो, लायनर तसं काढता येत नाही. (वाफसा येईपर्यंत पाणंदीत शिरूच नये हे खरं, पण पाऊस आपण आत असतानाच येतो.) रेनकोट मात्र जॅकेटवरून बसेल असा दोन माप मोठा घ्या.

थर्मलचंही तसंच. सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक होतं. जानेवारीत हुरड्याला पहाटे निघालं की हायवेवर ते छान वाटतं. पण माळावर चढलं, पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून गाडी चालवायला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं. खडकाळ वाटेवर वेग कमी, वारा नाही आणि मेहनत मजुरीइतकी. मग ते जाडजूड अस्तर ठेवायचं कुठे? थंडीत मेशमधून शिरतो तो वाराच खरा त्रास देतो आणि तो अडवायला तोच रेनकोट पुरतो. आत घाम शोषणारी पूर्ण बाह्यांची पातळ जर्सी असली की आपल्या हिवाळ्याला बास. दोन्ही लायनरपायी जे दीड-दोन हजार जास्त जातात, त्यात चांगला रेनकोट येतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिलपर्यंत मेश म्हणजे स्वर्ग. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की हवा कातडीपेक्षा गरम असते, मग मेशमधून येणारा वारा अंग भाजून काढतो. पॉलिस्टरची जर्सी घाम लगेच उडवते आणि कोरडी होऊन बसते. इथे मी सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध सांगतो: मेमध्ये आत सुती घाला आणि भिजवून घाला. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आपली हवा कोरडी असल्याने ते हळूहळू उडतं आणि वाळ्याच्या ताट्यांसारखा गारवा देतं. ओला पंचा गळ्याभोवती गुंडाळून टोकं जॅकेटच्या आत खोचा, बाहेर लोंबू देऊ नका. पाऊस-थंडीत मात्र सुती अजिबात नको, तेव्हा तोच ओलावा अंगावर उलटतो.

पँटबद्दल एवढंच, की मेश पँटमधून बाभळीचा काटा सरळ आत येतो. मांडीला जाड कापड असलेली घ्या, गुडघ्याचे गार्ड वेगळे पट्ट्याचे.

आणि माप. दुकानात जॅकेट दोन्ही लायनरसकट घालून बघायला देतात, तेव्हा ते नीट बसतं. लायनर काढले की बाही ढिली होते आणि कोपराचा पॅड बाजूला सरकतो. पडलात तर कोपर जमिनीवर आणि पॅड हवेत. म्हणून दुकानदाराला लायनर काढायला लावा, दंडाचे पट्टे आवळा, गाडीवर उभं राहिल्यासारखे हात पुढे धरा आणि पॅड कोपरावर आहे का ते दुसऱ्या हाताने चाचपून बघा. सरकत असेल तर एक माप लहान मागा.