देतेनेर, अर्रेस्तार की रेतेनेर? स्पॅनिशमध्ये ‘पकडून ठेवलं’ म्हणताना कुठलं क्रियापद घ्यावं

स्पॅनिश बी१-बी२ ला (म्हणजे मधल्या पातळीला) पोचलं आणि बातम्या वाचायला लागलं की हा गोंधळ होतोच, कारण डिक्शनरीत देतेनेर, अर्रेस्तार, रेतेनेर, काप्तुरार सगळ्यांसमोर थोडाफार एकच अर्थ असतो. पण आपल्याकडेही ‘चौकशीसाठी ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यात वकील लोक केवढा फरक करतात बघा, तिकडेही तसंच आहे, फक्त रेषा वेगळ्या ठिकाणी आखल्यात.

घाईत असाल तर सरळ देतेनेर घ्या. पोलिसांनी पकडलं, लॉकअपमध्ये ठेवलं, दोन्हीला चालतं आणि कुठल्याच देशात खटकत नाही. स्पेनच्या कायद्यातला शब्दही हाच, देतेन्स्योन, आणि तिथल्या राज्यघटनेच्या कलम १७ नुसार त्याची कमाल मुदत ७२ तास (आपल्याकडे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं). तेवढ्यात सोडायचं नाहीतर कोर्टापुढे उभं करायचं, त्याला बातमीत ‘पुएस्तो आ दिस्पोसिस्योन खुदिस्याल’ म्हणतात, हे अख्खं पाठच करून टाका. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोचे याला १६ ऑक्टोबर १९९८ ला लंडनमध्ये पकडलं, स्पेनचे न्यायाधीश गार्सोन यांच्या वॉरंटवर, तेव्हा स्पॅनिशमध्ये त्याला ‘देतेनिदो’च म्हटलं गेलं. पुढे मार्च २००० पर्यंत तो इंग्लंडातच नजरकैदेत होता, त्यासाठी मात्र ‘अर्रेस्तो दोमिसिल्यारियो’.

म्हणजे अर्रेस्तार चूक नाहीये, पण जागा बघून वापरायचं. अमेरिकेतल्या स्पॅनिश चॅनलांवर ते सर्रास ऐकू येतं, इंग्रजीच्या शेजारामुळे असेल. स्पेनमध्ये पोलिसांच्या बातमीत लोकांना कळतं, पण थोडं डब केलेल्या पिक्चरसारखं वाटतं, कारण तिथे ‘अर्रेस्तो’ म्हटलं की नजरकैद नाहीतर सैन्यातली शिस्तभंगाची शिक्षा डोळ्यासमोर येते. मेक्सिकोत अजून वेगळं, तिथे किरकोळ नियम मोडल्याबद्दल ३६ तासांपर्यंत आत बसवतात त्याला अर्रेस्तो म्हणतात, आणि गुन्ह्यासाठी न्यायाधीश काढतो ते वॉरंट म्हणजे ‘ओर्देन दे आप्रेएन्स्योन’. कोलंबियात हेच ‘ओर्देन दे काप्तुरा’ होतं, म्हणून तिथल्या बातम्यांत काप्तुरार भरपूर दिसेल, त्याने दचकू नका, कोणी जंगलात जाळं टाकून पकडलेलं नसतं.

खरी गंमत रेतेनेरची आहे आणि माझ्या मते चुकलं तर सगळ्यात महागात पडणारं हेच, कारण यात अटक नसतेच, माणसाला फक्त जाऊ देत नाहीत. एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्यांनी खोलीत बसवून ठेवलं तर रेतेनिदो. बँकेत दरोडेखोरांनी लोकांना ओलीस धरलं तरी रेतेनेर. म्हणजे धरून ठेवणारा सरकारीच असावा असं काही नाही. आणि म्हणूनच हा शब्द सोयीचाही आहे. कोलंबियातली फार्क ही गनिमी संघटना आपण पळवून नेलेल्या लोकांना ‘रेतेनिदोस’ म्हणायची, पण २००२ पासून जुलै २००८ पर्यंत जंगलात अडकवलेल्या कोलंबियन राजकारणी इंग्रिद बेतान्कूरला बाकी जगाने ‘सेकुएस्त्रादा’च म्हटलं, म्हणजे सरळ अपहृत. तुम्ही भाषांतर करत असाल तर इथे शब्द निवडताना बाजूही निवडली जाते, तेव्हा मूळ वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते आधी बघा.

न्यायाधीशाने तुरुंगात पाठवलं की देतेनेर सोडायचं. मग ‘इंग्रेसार एन प्रिस्योन’ किंवा एनकार्सेलार, आणि खटला उभा राहायच्या आधीच आत असेल तर स्पेनमध्ये ‘प्रिस्योन प्रोविस्योनाल’, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘प्रिस्योन प्रेव्हेन्तीवा’. आपल्या न्यायालयीन कोठडीच्या जवळचं हे.

कुस्तोदियारचा मोह मात्र टाळा. इंग्रजीतली कस्टडी डोक्यात असते म्हणून हात तिकडे जातो, पण कुस्तोदियार म्हणजे राखण करणं, पहारा देणं, म्युझियमचा गार्ड करतो ते. ‘बाखो कुस्तोदिया पोलिसियाल’ असं लिहिलेलं सापडतं आणि ते चालतंही, पण नुसतं ‘कुस्तोदिया’ म्हटलं तर लोकांना घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहणार तेच आधी आठवतं.

आणि हो, देतेनेर आणि रेतेनेर दोन्ही तेनेर (जवळ असणं) या क्रियापदासारखी चालतात, त्यामुळे भूतकाळ देतुवो, रेतुवो. देतेनियो कुठेच नाही.