ऑटोक्रॉससाठी ब्रेक पॅड: पावसाळा धरून काही महिने वापरल्यावर

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात कोन (रस्त्यावर ठेवतात तसले शंकू) मांडून एकेका गाडीने वेळ लावून मारायची फेरी. त्यासाठी पॅड घेताना, पॅड किती तापमान सोसतो त्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. दुकानदार आधी तोच आकडा दाखवतो, पण आपल्याला हवी असते ती गार पॅडची पकड.

मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला. गाडी एकच, स्विफ्ट, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. आठवडाभर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक, जमेल त्या रविवारी मैदानात कोन. ऑटोक्रॉसची फेरी जेमतेम मिनिटभराची. पुढचा नंबर येईपर्यंत पॅड पुन्हा गार. सर्किटसाठीचे बरेच रेसिंग पॅड 200 अंशांच्या पुढे गेल्यावर खरे पकडतात. इथे तेवढे ते तापतच नाहीत. एका मित्राने तसलेच बसवले होते. त्याला पहिल्या दोन कोनांना नेहमीपेक्षा बराच आधी ब्रेक मारावा लागायचा, आणि वेळ तिथेच जायचा.

नुसतं कंपनीचं नाव विचारून भागत नाही. एकट्या ईबीसीचेच ग्रीनस्टफ, रेडस्टफ, यलोस्टफ असे वेगवेगळे कंपाउंड, म्हणजे पॅडच्या मसाल्याचे प्रकार, आहेत. त्यापेक्षा पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेला कोड बघा. बऱ्याच पॅडवर त्यात दोन अक्षरं असतात, पहिलं साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं खूप तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ 0.35 ते 0.45, ‘जी’ 0.45 ते 0.55. ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर होते, त्यामुळे अंदाजापुरतीच धरा. मी पहिलं अक्षर ‘जी’ असलेला स्ट्रीट-परफॉर्मन्स (रोजच्या रस्त्यावरही चालणारा, जास्त पकडीचा) पॅड घेतला.

सगळ्यात जास्त आवडलं ते पेडल सोडतानाचं वागणं. स्लॅलम (कोनांच्या रांगेतून नागमोडी जाणं) संपून यू-टर्नच्या कोनाशी येताना पाय हळूहळू उचलला की पकडही तितकीच हळू सुटते. पुढच्या चाकांवरचा भार टिकतो आणि गाडी नाक आत घालते. जुने पॅड एकदम सोडायचे, मग गाडी बाहेर ओढायची. मातीच्या मैदानात मात्र पाय हलका ठेवावा लागतो, नाहीतर लगेच एबीएस खडखडतो.

रोजच्या वापरात अलॉयवर काळी भुकटी साचते, आणि सकाळी सोसायटीत रिव्हर्स घेताना पॅड किंचाळतात. पावसाळ्यात रात्रभरात डिस्कवर गंज धरतो, तो पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो. गायमुख घाटाच्या उतारावर कंटेनरच्या मागे रेंगाळतानाही पेडल तसंच राहिलं.

नवे पॅड बसवल्यावर बेडिंग, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसवणं, टाळू नका. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ताशी 60 किमीवरून 15 पर्यंत वेग पुन्हा पुन्हा उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही. मग ब्रेक न लावता थोडं फिरवून गार होऊ द्यायचं. डिस्कवर सगळीकडे सारखा करडा थर दिसला की झालं.

ब्रेक ऑइलही बघा. डॉट 4 या दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ती मर्यादा 155 वर येते, आणि आपल्याकडची हवा चार महिने दमटच. मी पाऊस संपल्यावर बदलून घेतलं, पेडल लगेच घट्ट झालं. बजेट एकाच कामाचं असेल तर आधी हे करा.

पॅड अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. संपले की हाच कंपाउंड पुन्हा घेणार.