कॉल नंबरने पुस्तक शोधणं : कोहा कॅटलॉग काही महिने वापरल्यानंतर

पावसाळ्यापासून आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा कोहा कॅटलॉग (कोहा म्हणजे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर) मी जवळजवळ फक्त कॉल नंबरनेच, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या विषयवार आकड्यानेच, वापरतेय. विषय जात्यावरच्या ओव्या आणि एकूणच बायकांची गाणी. पुस्तकाचं नाव माहीत असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही. नाव टाका, मोकळे व्हा. पण ‘ओव्यांवर आपल्याकडे अजून काय काय आहे?’ असा प्रश्न असेल तर नावाने शोधताना जीव मेटाकुटीला येतो. जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि ज्याने त्याने आपापल्या कानाला पटेल तसं स्पेलिंग केलंय. ओवीत कुणी ‘व्ही’ घातलाय, कुणी ‘डब्ल्यू’. नंतरच्या नोंदी देवनागरीत. मधल्या काळातल्या काही नोंदींचा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना असा काला झालाय की त्या वाचताच येत नाहीत. लोकगीतांच्या ३९८.८ या आकड्याला मात्र स्पेलिंग नसतं.

ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जाऊन यादीतून ‘कॉल नंबर’ निवडायचा आणि आकडा टाकायचा. आकडे इंग्रजीच टाका (इथे मी मराठीत लिहिलेत ते सोडा), आमच्याकडे देवनागरी आकड्यांना कॅटलॉग सरळ शून्य निकाल दाखवतो. नुसतं ३९८ टाकूनही भागत नाही, पुढे फुली द्यायची : ३९८*. मग ड्यूई दशांश पद्धतीतलं (पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ही पद्धत) लोकसाहित्याचं अख्खं गोत बाहेर येतं. लोककथा ३९८.२, कोडी ३९८.६, गाणी आणि बडबडगीतं ३९८.८, म्हणी ३९८.९. निकालांचा क्रमही बदलून कॉल नंबरप्रमाणे करून घ्या, नाहीतर म्हणींच्या मध्ये लोककथा आणि लोककथांच्या मध्ये भलतंच काहीतरी येत राहतं.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे शेल्फ ब्राउझ. एखादं पुस्तक उघडलं की त्याच्या प्रतींच्या तक्त्यात ही लिंक असते. ती दाबली की रॅकवर त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडे काय आहे त्याची पट्टी दिसते, आणि ती पुढे-मागे सरकवता येते. प्रत्यक्ष रॅकपेक्षा हे एका बाबतीत सरस आहे : कुणी घरी नेलेली पुस्तकंही पट्टीत आपल्या जागेवर असतात. मुखपृष्ठं दिसतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. कोहा ती बहुतेक आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकावरून, आणतो, आणि आपल्या जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन कुठला! नुसत्या करड्या चौकटी.

खरी गोम पुढे आहे. आकडा शेवटी माणूसच देतो, आणि दोन माणसांचं एका पुस्तकावर एकमत होईलच असं नाही. ज्ञानेश्वरी घ्या. गीतेवरची टीका म्हणून ती २९४.५९२४ ला जाते, मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ ला. दोन्ही बरोबर. आमच्याकडे तिच्या आवृत्त्या दोन्हीकडे आहेत आणि दोन्ही रॅक वेगवेगळ्या मजल्यांवर. ओव्यांचे तर तीन तुकडे झालेत : काही संग्रह ३९८.८ खाली, काही ८९१.४६१ खाली कवितासंग्रहांच्या रांगेत, आणि चालींवर भर असलेली पुस्तकं लोकसंगीत म्हणून ७८१.६२ खाली. त्यामुळे एका आकड्यावर थांबलात की दोन तृतीयांश माल हातचा गेला. मी आता प्रत्येक विषयासाठी तीन-चार आकडे वहीत लिहून ठेवते आणि सगळे चालवून बघते.

ड्यूईसाहेबांनी १८७६ मध्ये ही पद्धत काढली तेव्हा जग त्यांना अमेरिकेतून जेवढं दिसलं तेवढंच त्यात आलं. इंग्रजी साहित्याला सुटसुटीत ८२०, मराठीला ८९१.४६, ख्रिस्ती धर्माला २२० पासून २८० पर्यंतची ऐसपैस जागा, आणि सगळा हिंदू धर्म २९४.५ मध्ये कोंबलेला. याचा रोजचा त्रास असा की आपल्या पुस्तकांचे आकडे लांबलचक होतात, पाठीवरच्या चिठ्ठीत दोन ओळींत मोडतात आणि वाकून वाचावे लागतात. त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं. मराठी कादंबऱ्यांच्या रॅकवर, म्हणजे ८९१.४६३ ला, सगळे देशपांडे आणि सगळे देशमुख त्यामुळे एकाच ढिगात.

हेच आकडे सगळीकडे चालतील असंही नाही. माझी भाची अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकते. तिला उत्साहाने ३९८.८ कळवला, तर तिथे ड्यूईऐवजी लायब्ररी ऑफ काँग्रेसची, अक्षरं आणि आकडे मिळून चालणारी पद्धत निघाली. तिथे भारतीय लोकसाहित्य जीआर ३०५ ला असतं आणि मराठी साहित्य पीकेमध्ये. तिने तिथून काही मराठी पुस्तकांची नावं पाठवली, ती आमच्याकडे नाहीत!

गावातल्या वाचनालयात तर या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे पुस्तकं दाखल क्रमांकाने लावलेली आहेत. म्हणजे जे आधी आलं ते आधी, शेजारी पाककृती असो की पानिपत. तिथे मी सरळ टेबलापाशी जाऊन विचारते. तुमचं ग्रंथालय मुक्तद्वार असेल (म्हणजे रॅकपाशी जाऊन स्वतः पुस्तकं बघता येत असतील) आणि पुस्तकं वर्गांकाने, म्हणजे विषयाच्या आकड्याने, लावलेली असतील तरच कॉल नंबरच्या मागे लागा. आणि कोहा असूनही शेल्फ ब्राउझ दिसत नसेल तर ग्रंथपालांना सांगून बघा, ते सेटिंगमधून चालू करता येतं.